पार्टे सरांच्या फळ्यावरचा शब्द

१

पार्टे सरांचा गोठा जळाला आणि सर त्यात गेले, ही बातमी डोंगरावरच्या बोरमाची वाडीहून खाली पोलादपुरात पोचली ती गुन्हेगाराला बरोबर घेऊनच. सोमा अनवाणी डोंगर उतरून आला, ठाण्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "माज्यामुळं सर गेलं. मला आत टाका."

कुणी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं हो! पण आपल्या पायांनी चालत आलेला गुन्हेगार कुणाला नको असतो? साहेबांनी त्याला पाणी पाजलं, जबाब घेतला आणि फौजदार आम्रपाली हाटेला बोलावून सांगितलं, "वर जाऊन एकदा नजर टाकून ये. सोमवारी कागद पुढे पाठवू. हयगयीने मृत्यू. सरळ आहे."

सरळच होतं म्हणा. सोमा सरांच्या शेतावर गडी. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापून झालं आणि अवकाळी पावसाने ते पडल्या जागी भिजवलं. भिजलेलं गवत उलथून-पालथून कडक वाळवावं लागतं. तसंच रचलं तर ते आतल्या आत तापतं, वाफाळतं आणि एक दिवस आपोआप पेट घेतं. सरांनी सोमाला गवत उलथायला सांगितलं होतं. सोमा गेलाच नाही.

"पोरगा गेल्यापासनं हात उचलत नाय, मॅडम," तो आम्रपालीला म्हणाला. "घरात पडून ऱ्हायलो. सरांनी एकल्यानं वल्लंच उचलून रचलं असंल. त्ये पेटलं, गाय सोडाया आत गेलं, नि..."

पुढचं त्याला बोलता येईना. त्याचा पोरगा बुद्धरत्न कशेडी घाटाच्या पायथ्याला एका धाब्यावर कामाला होता. पावसाळ्यात पहाटे सायकलवरून घरी येताना कुठल्याशा गाडीने त्याला उडवलं. गाडी सापडली नाही. आता हा माणूस तुरुंगात जायला उतावीळ झाला होता, आणि त्याच्या बायकोने, मंजुळाने, रात्रीपासून तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आम्रपालीने जबाबाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. तिला स्वतःला रडायचं होतं ते वेगळंच. सर तिचे सर होते.

हवालदार चंदूला घेऊन ती वर गेली. गोठ्याचं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. दगडी जोतं, काळी पडलेली गव्हाण आणि राख. सरांची गाय आवारात मोकळी उभी होती, गळ्यातलं दावं लोंबत. आम्रपालीने दावं हातात घेऊन पाहिलं. तुटलेलं नाही, जळलेलं नाही. गाठ नीट सोडलेली.

मग ती घराच्या पडवीत आली. भिंतीला सरांचा फळा होता, त्याच्या शेजारी रुळाचा तुकडा टांगलेला, शाळेत घंटा म्हणून असतो तसा. फळ्यावर सरांच्या वळणदार अक्षरात एक इंग्रजी शब्द लिहिला होता: अव्हाउ.

आम्रपाली जागच्या जागी थांबली. "चंदू," ती म्हणाली, "हा शब्द इथे असायला नको होता."

२

फळ्याची गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

राजेंद्र पार्टे सर इंग्रजी शिकवायचे. आधी तुडीलला, मग पोलादपुरात, आणि निवृत्त झाल्यावर वाडीत घराच्या पडवीत, येईल त्याला. त्यांचं एक खूळ होतं. इंग्रजीतली अडगळीत पडलेली क्रियापदं ते शोधून काढायचे, पण कुठलीही नव्हेत. आपल्या माणसांच्या हाताला माहीत असलेल्या कामांची. पोरांना वाटतं इंग्रजी म्हणजे खुर्चीत बसलेल्यांची भाषा, सर म्हणायचे. तिलाही चिखलात उतरता येतं हे त्यांना कळू दे.

फळ्यावर एका वेळी एकच शब्द. तो पुसायचा नियम मोठा कडक. ज्याने ते काम स्वतःच्या हातांनी केलंय त्याने पुढे यायचं आणि 'मी' म्हणून, इंग्रजीत, खरं वाक्य बोलायचं. खोटं वाक्य चालत नसे, दुसऱ्याने केलेलं चालत नसे. वाक्य खरं ठरलं की सर स्वतः घंटेवर टोल द्यायचे, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा, मग शब्द पुसून नवा लिहायचे. कुणी बोललंच नाही तर तो शब्द महिनोन्‌महिने तसाच. आणि सरांशिवाय त्या फळ्याला कुणी हात लावायचा नाही. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की शिमग्याच्या धुळवडीतही पोरं त्या भिंतीवर रंग टाकत नसत.

तुडीलच्या शाळेत असताना फळ्यावर 'ग्लीन' आला होता. कापणी झाल्यावर शेतात सांडलेली कणसं वेचणे, म्हणजे आपला सरवा. आम्रपालीची आई दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचायची आणि पोरीला बरोबर न्यायची. वर्गात हे कुणाला कळू नये म्हणून ती जिवाचं रान करायची. त्या दिवशी मात्र काय अंगात आलं कुणास ठाऊक, उभी राहिली आणि बोलली. सरांनी घंटा अशी बडवली की हेडमास्तर धावत आले. त्यानंतर तिला आईची कधी लाज वाटली नाही.

पुढे ती पोलिसात गेली तरी नवा शब्द आला की सर वरच्या खडकावर चढून, रेंज धरून, तिला फोन करायचे. शेवटचा फोन अवकाळीच्या दुसऱ्या दिवशीचा.

"आम्रपाली, 'टेड' लिहिलाय. कापलेलं गवत वाळावं म्हणून उलथून पसरणे. फक्त गवतासाठीच वापरतात हं, भातालाही नाही न् कपड्यांनाही नाही."

"मग सोमाकाका बोलतील की, सर."

"सोमाचं मन थाऱ्यावर नाही गं. पण बोलेल कुणीतरी. आणि त्याच्या पुढचा शब्द मी ठरवून ठेवलाय. कामाचा नाही या वेळी. जड आहे, पण एकाला उचलावाच लागणार आहे."

त्यानंतर फोन आलाच नाही. म्हणजे 'टेड' पुसला गेला तो अगदी शेवटी, खडकावर चढून फोन करायलाही वेळ मिळाला नाही इतक्या शेवटी.

"म्हणजे कुणीतरी गवत उलथलं, आणि इथे येऊन तसं बोललं," चंदू म्हणाला.

"आणि ते खरं होतं. नाहीतर सरांनी शब्द पुसला नसता."

वाडीत चुली पेटणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची कुलपं लावून मुंबईला. आम्रपालीने प्रत्येक दार ठोठावलं. शिकणाऱ्या पोरांनी माना हलवल्या. आम्ही नाय बोललो. शेजारच्या मुरारीने तर तोंडच वाकडं केलं. त्याचा न् सरांचा माळाच्या बांधावरून जुना तंटा.

"त्यांच्या माळावर दोन वर्षांत पाय नाय ठेवला मी," तो म्हणाला. "गवत वल्लं व्हतं का सुकं, मला काय म्हाईत? आन मी इंग्रजी बोलनार? माजी सहीबी आंगठ्याची हाय, बाई!"

राहिली साळूबाई, सरांच्या घराला सगळ्यात जवळची म्हातारी. ती उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती.

"घंटा ना गो? वाजली की. ज्या राती जाळ झाला, त्याच दिवशी दिवेलागनीला. समद्यांच्या घरात टीवी बोंबलत व्हता, कुनाला ऐकू नाय गेलं. सांगितलं तर म्हनत्यात म्हातारीचे कान वाजत्यात." तिने टरफलं रागाने फेकली. "माजे कान नाय वाजत. सरांची घंटा वाजली. लय खुशीत मारली व्हती."

आम्रपाली परत पडवीत येऊन बसली. सर एकटे नव्हते तर. कुणीतरी त्यांचं गवत वाळवून दिलं, त्यांना आनंद दिला, आणि रात्री सर जळून मेले. आता तो माणूस ब्र काढत नाही. म्हाताऱ्या मास्तराचं गवत वाळवून देणं, यात लपवण्यासारखं काय आहे?

ती चंदूला म्हणाली, "गवत वाळलेलं होतं हे कबूल केलं, तर ते आपोआप पेटलं नाही हेही कबूल करावं लागतं. म्हणून गप्प आहे तो. चंदू, गोठा कुणीतरी पेटवलाय."

३

सरांना मूलबाळ नव्हतं. बायको मागेच गेलेली. रक्ताचं म्हणून भावाचं कुटुंब. भाऊ वारलेला, भावजय शकू आणि पुतण्या सुहास पोलादपुरात राहायचे. सुहासला लहानपणी सरांनीच शिकवलेलं, पोरगा इंग्रजीत चांगला होता. पुढे कॉलेज सोडून त्याने पिकअप घेतली आणि भाड्याने चालवू लागला.

शकू दारातल्या उन्हात बसली होती. मांडीवर करड्या रंगाचा स्वेटर, आणि ती नखाने त्यातली कुसळं उपटत होती. रडून डोळे सुजलेले, पण हात थांबत नव्हते.

"काय सांगू बाई, भावोजी म्हणजे आमचं छत्र होतं," ती म्हणाली. "ह्यांच्या मागं त्यांनीच उभं केलं आम्हाला. त्या सोम्याला सोडू नका. आळशी मेला! भावोजींनी इतकं केलं त्या लोकांसाठी..."

'त्या लोकांसाठी' म्हणताना तिचं आम्रपालीच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे लक्ष गेलं आणि ती चपापली. आम्रपालीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. असली वाक्यं गिळायची तिला सवय होती. पण एक गोष्ट मनात खुपलीच: सोमाने गुन्हा कबूल केला तेव्हा अख्ख्या पंचक्रोशीत एकालाही आश्चर्य वाटलं नव्हतं.

सुहास आतून आला. उंच, खांद्यात वाकलेला, दाढी वाढलेली.

"सरांकडे शेवटचं कधी गेला होतास?"

"दिवाळीत, मॅडम. आप्पांना फराळ द्यायला. नंतर जमलंच नाही."

"काल?"

"निरोप आल्यावर गेलो. सगळे गेले तसाच, रस्त्याने. बघवेना, मग खाली आलो."

"गाडी दिसत नाही तुझी."

"विकली. श्रावणात." त्याने बोटांनी कपाळ चोळलं. "धंदा राहिला नव्हता. आता दुसऱ्याच्या गाडीवर जातो."

आम्रपालीचं लक्ष शकूच्या मांडीकडे होतं. कुसळं म्हणजे माळावरच्या पिकल्या गवताचे ते सुईसारखे काटे. लोकरीत एकदा घुसले की धुऊन निघत नाहीत, एकेक उपटावं लागतं. माळावरून नुसतं चालत गेलं तर ती विजारीच्या पायाला लागतात. या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत भरल्या होत्या आणि छाती साळिंदरासारखी झाली होती. गवताचा कवळा छातीशी धरून उचलला, एकदा नव्हे अनेकदा, तरच असं होतं.

"कुणाचा हो हा स्वेटर?" तिने सहज विचारलं.

"ह्याचाच. कुठं लोळून येतो देव जाणे," शकू म्हणाली.

 आईच्या हातातला स्वेटर सुहासने असा ओढून घेतला की ती त्याच्याकडे बघतच राहिली.

४

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. डोक्याला मागून मार, पडल्याचा असू शकेल. मृत्यू गुदमरून, श्वासनळीत काजळी होती.

"म्हणजे आग लागली तेव्हा जिवंत होते?"

"हो. शुद्धीवर असतील असं वाटत नाही. पण श्वास चालू होता."

 फोन ठेवल्यावर आम्रपालीने उठून तोंड धुतलं आणि ती सोमाकडे गेली. कोठडीत त्याने सकाळचा भात तसाच ठेवला होता.

"सोमाकाका, गोठ्यात गाय कुठं बांधायचे सर? आणि गवत कुठं?"

"गाय दाराशी. गवत मागल्या भिंतीला, माळ्यापातूर."

"आणि गाय कुणालाही हात लावू देते?"

"छ्या! खट्याळ हाय. सर, मी, न् लहानपणापासनं तो सुहास. बाकीच्याला लाथ घालती."

आम्रपालीने डोळे मिटले. गाय दाराशी. गाठ शांतपणे सोडलेली. जो माणूस गाय सोडतो तो दारात असतो. आग त्याच्या पुढे, दार त्याच्या पाठीशी. गाय सोडून झाल्यावर सर आत कशाला जातील? गाय सोडणारा बाहेर गेला. सर आत राहिले.

"काका, बुद्धरत्न गेला तेव्हा सर काही म्हणाले होते?"

सोमाने मान वर केली. "दर हप्त्याला यायचं बसायला. पन नवरात्रापासनं बसायचं न् बोलायचंच नाय. जाताना येकदा म्हनालं, सोमा, मी तुजा गुन्हेगार हाय. मी म्हनलं, येडं झालं का सर? तर रडाया लागलं."

नवरात्रात सरांना काहीतरी कळलं होतं, बुद्धरत्नच्या अपघाताबद्दलचं. काय, ते फळ्यावरच्या शब्दाने सांगितलं.

अव्हाउ. सर पोरांना शिकवायचे तसं आम्रपालीने मनात मांडून पाहिलं. केलेली गोष्ट चारचौघांत, उघड तोंडाने, माझी म्हणून कबूल करणे. हे क्रियापद कुणी दुसऱ्यावर वापरू शकत नाही. दुसऱ्याने केलं असं सांगणं म्हणजे आरोप, त्याला वेगळे शब्द आहेत. आणि न केलेली गोष्ट अंगावर घ्यायलाही ते चालत नाही. केलेलं काम, आपलं तोंड, समोर माणसं. तिन्ही पाहिजेत. हा शब्द सरांनी वाडीतल्या पोरांसाठी लिहिला नव्हता. ज्याने 'टेड'चं वाक्य बोलून दाखवलं, त्याच्याच पुढ्यात त्यांनी तो ठेवला होता.

तिने चंदूला महाडला पिटाळलं. सुहासने श्रावणात कुणाला गाडी विकली आणि विकण्याआधी तिचं काय काम करून घेतलं, एवढंच बघून ये.

संध्याकाळी चंदूचा फोन आला. "मॅडम, पुढचा बंपर, दिवा न् काच, तिन्ही नवीन टाकलीत. गॅरेजवाला म्हणतो, जनावर आडवं आलं म्हणाला होता. बुद्धरत्न गेला त्याच आठवड्यात."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुहासला वर वाडीत नेलं. शकूही आली. सोमालाही आणलं, साहेबांशी वाद घालून. पडवीत फळ्यासमोर सगळे उभे राहिले, साळूबाई आवाराच्या बांधावर. ऊन नुकतंच जोत्यावर आलं होतं आणि राखेचा वास अजून जात नव्हता.

सोमा फळ्याकडे बघत होता. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय सरांनी, बाय?"

"आपण केलेलं आपल्या तोंडाने सगळ्यांसमोर कबूल करणं. असा शब्द आहे."

"मंग मी ठान्यात केलं तसं."

"नाही काका. तुमचं त्यात बसत नाही. न केलेल्या गोष्टीला हा शब्द चालत नाही."

सोमाला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर तो भिंतीला टेकला.

आम्रपाली सुहासकडे वळली. आवाज चढवायचा नाही असं तिने ठरवलं होतं.

"सुहास, तू दिवाळीनंतर इथे आला नाहीस म्हणतोस. तुझ्या स्वेटरच्या बाह्या न् छाती कुसळांनी भरली होती. ती गवत उचलल्याशिवाय भरत नाही. सरांचं गवत कुणीतरी वाळवलं, कारण 'टेड' पुसलाय. ते इंग्रजीत बोलून दाखवणारा पाहिजे. पोरं बोलली नाहीत. मुरारीला इंग्रजी येत नाही. गाईला सर आणि सोमाकाका सोडून तूच चालतोस, आणि सोमाकाका त्या रात्री खाली बौद्धवाडीत आपल्या घरी होते, त्यांच्या ओसरीवर भावकी बसलेली होती. श्रावणात तू गाडी विकलीस, त्याआधी तिचं तोंड नवीन करून घेतलंस. आता फळ्यावर काय लिहिलंय ते वाच. ते तुझ्यासाठी आहे."

"काय बोलताय तुम्ही!" शकू ओरडली. "माझं पोर... सुहास, बोल की रे काहीतरी! सांग त्यांना!"

सुहास शब्दाकडे बघत होता. 

"पाऊस होता," तो म्हणाला. इतकं हळू, की साळूबाई बांधावरून पुढे सरकली. "कशेडी उतरून आलो होतो. डोळा लागला. सायकल दिसलीच नाही. थांबलो, मॅडम. खाली उतरून बघितलं. बुद्धरत्न होता. गेलेला होता. मग... निघून आलो."

मंजुळा तिथे नव्हती हे बरं झालं. 

"नवरात्रात आप्पांना सांगितलं. राहवेना. ते म्हणाले, सोमाच्या पायाशी जाऊन बोल, मी बरोबर येतो. मी म्हटलं, थोडे दिवस द्या. अवकाळीनंतर रोज संध्याकाळी मागच्या वाटेने येऊन माळावर गवत उलथायचो. वाटलं, ते विरघळतील. त्या दिवशी गवत रचून झालं. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, आय टेडेड द ग्रास. ते एवढे खूश झाले, एवढे! मी नको नको म्हणतोय तोवर घंटा मारली. मला पोटाशी धरलं. आणि हा शब्द लिहिला." त्याने तोंडावरून हात फिरवला. "म्हणाले, उद्या सकाळी हा. उद्याच्या उद्या. गाईला वैरण टाकायला गोठ्यात गेले तरी मागं लागलो, पाया पडलो. ऐकेनात. ढकललं मी. गव्हाणीवर डोकं आपटलं. हलेनात. मेले, मॅडम. मी बघितलं ना, मेले होते! मग दुसरं काही सुचलं नाही. गडद अंधार होईपर्यंत तिथंच बसलो न् काडी लावली."

"गाय सोडलीस आधी."

"ती जळाली असती."

"फळा का नाही पुसलास? पुसला असतास तर सोमाकाका तुझ्याऐवजी तुरुंगात गेले असते."

त्याने गोंधळून तिच्याकडे पाहिलं. तिने काही विचित्रच विचारलं असावं तसं. "तो आप्पाच पुसायचे," तो म्हणाला. "दुसरं कुणी कसं पुसणार?"

आम्रपालीला वाटलं इथेच थांबावं. डॉक्टरांचं सांगणं कोर्टात निघेल तेव्हा निघेल. पण सरांच्या पडवीत अर्धं वाक्य चालत नसे.

"ते मेले नव्हते, सुहास. छातीत धूर होता. तू काडी लावलीस तेव्हा श्वास चालू होता त्यांचा."

शकूने तोंडात पदर कोंबला.  सुहासच्या घशातून आलेला आवाज ऐकून गायीनेही मान वळवली.

 मग सोमा भिंतीपासून सुटा झाला. आम्रपाली एकदम मध्ये आली. तिला वाटलं, हा आता त्याच्या अंगावर जाणार. सोमा तिच्या बाजूने गेला, घंटा वाजवायची सरांची लोखंडी कांब उचलली आणि रुळाच्या तुकड्यापाशी उभा राहिला.

"सगळ्यांम्होरं बोलायचं म्हनालीस ना, बाय?" तो म्हणाला. "मी ठान्यात बोललो तवा समद्यांनी लगेच खरं मानलं. येकानंबी इचारलं नाय. आता याचंबी ऐकू द्या त्यांना."

आणि त्याने टोल दिला. एक, मग आणखी, मग थांबेचना. दारं उघडली. पोरं आली, बाया आल्या, मुरारी बांधापलीकडून आला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सरांच्या आवारात पाऊल ठेवून उभा राहिला. सोमाने कांब खाली ठेवली.

"बोल," तो सुहासला म्हणाला. "माज्या पोराचं आदी. मंग सरांचं."

सुहास बोलला. मान खाली घालून, पण सगळं बोलला, दोन्ही नावं घेऊन.  मुरारीने एकदा सोमाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

सुहासला चंदू खाली घेऊन गेला, मागून शकू. लोक पांगले. आम्रपालीने फळ्याचा फडका उचलला. मग तिने तो सोमाकडे दिला.

"मला वाचता येत नाय, बाय."

"पुसायला वाचावं लागत नाही, काका."

सोमाने फळा पुसला. हळूहळू, कडेपासून कडेपर्यंत, खडूची एक रेघ राहू न देता. मग फडका झटकून खुंटीला अडकवला आणि गायीला पाणी दाखवायला गेला. सकाळपासून तिच्याकडे कुणीच बघितलं नव्हतं.